मोबाईल घेण्यापूर्वी : एका घराचा हिशोब

बारावीचा निकाल लागला की आमच्या धनजच्या वस्तीत दोन प्रश्न घरोघरी ऐकू येतात. पहिला, "पोराला पुढे कुठे टाकायचे?" आणि दुसरा, "फोन कोणता घ्यायचा?" पहिल्या प्रश्नासाठी माणसे चार ठिकाणी विचारतात. मास्तरांना भेटतात, अमरावतीला एक फेरी मारतात, रविवारी वंदना आटोपली की विहारात आमच्यासारख्या कार्यकर्त्याला कागद दाखवतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र दुकानदार देतो, नाहीतर घरातला तरुण पोरगा देतो, आणि दहा-पंधरा हजारांचा व्यवहार अर्ध्या तासात उरकतो. शेळी घेताना आपली माय तिचे दात पाहते, कास पाहते, चार पावले चालवून पाहते. तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तू आपण नुसते नाव ऐकून घरी आणतो, हे काही बरे नव्हे. म्हणून हा लेख लिहिण्याचे आम्ही मनावर घेतले.

यंदा हा प्रश्न आमच्याच घरी आला. मुलगी बारावी पास होऊन नर्सिंगच्या चार वर्षांच्या शिक्षणासाठी अमरावतीला निघाली. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा मुलगा कारंज्याला एका कृषी केंद्रात कामाला आहे. त्याला महिन्याला नऊ हजार मिळतात. आमच्या सौभाग्यवतींनी बचतगटातून आणि भिशीतून बारा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते, ते मुलीच्या फोनसाठी. मुलाने वेगळीच गोष्ट काढली. तो म्हणाला, "बाबा, घ्यायचाच हाय तं आयफोन घेऊ. हे बारा हजार आधी भरू, बाकीचे हप्ते मी फेडतो. इले माहा जुना देऊन टाकू." मुलगी काही बोलली नाही. तिच्या आईने मात्र भाकरी थापता थापता विचारले, "पैसे कोणासाठी ठेवले होते, ते तरी लक्षात हाय का?"

आता यात मुलाला दटावून गप्प बसवणे सोपे होते. पण आपण बुद्धाचे अनुयायी. केसपुत्त नगरीच्या कालामांना भगवंतांनी जे सांगितले, ते आपण विहारात किती वेळा ऐकतो! कोणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, मोठ्या माणसाचे वचन म्हणून काही मानू नका. स्वतः तपासा, त्यातून हित होते की अहित होते ते पाहा आणि मग स्वीकारा, असा त्या उपदेशाचा सार आहे. ही कसोटी धर्माच्या बाबतीत लावायची आणि बाजारात गेलो की विसरायची, हे योग्य नाही. शिवाय आम्ही बी.कॉम. झालेले, जन्म खतावण्या लिहिण्यात गेला. आम्ही एक कोरा कागद घेतला, उभ्या रेघा मारल्या आणि दोन्ही मुलांना समोर बसवले.

पहिली अडचण अशी की, "अँड्रॉइड" आणि "आयफोन" हे शब्द सगळे बोलतात, पण फरक काय ते विचारले की गप्प होतात. हा फरक समजायला आपल्या भागातल्या माणसाला फार दूर जायला नको. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे, बसून प्रवासही केला आहे. तिचे रूळ अडीच फुटांचे. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी लाईन शेजारीच होती, तरी शकुंतलेचा डबा त्या रुळावर चढू शकत नव्हता आणि मोठ्या गाडीचा डबा शकुंतलेच्या रुळावर येऊ शकत नव्हता. फोनचेही तसेच आहे. आपण हातात धरतो ती नुसती पेटी. तिच्या आत जी मूळ व्यवस्था चालते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तोच रूळ. व्हॉट्सॲप, बँकेचे ॲप, अभ्यासाचे ॲप हे सगळे त्या रुळावर धावणारे डबे. अँड्रॉइडसाठी बनवलेला डबा आयफोनच्या रुळावर चालत नाही. तिथे दुसरा बनवावा लागतो. म्हणून फोन निवडणे म्हणजे पेटीबरोबर रूळही निवडणे होय. एकदा त्या रुळावर घर बसले, फोटो, हिशोब, निरोप सगळे त्यावर साठले, की रूळ बदलणे जिकिरीचे होते.

आणि रूळ बंदही पडतात. शकुंतला आज धावत नाही. फोनच्या जगातही असेच झाले आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्याच्या त्याच्या हातात नोकिया होता. त्यातल्या मोठ्या फोनांत सिम्बियन नावाची व्यवस्था असे. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने ती सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा हात धरला. तो विंडोज फोन पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेल्या आपल्या पोरांनीही हौसेने घेतला होता. २०१९ संपले त्या दिवशी त्यावरचे व्हॉट्सॲप बंद झाले आणि २०२० च्या जानेवारीत कंपनीने त्याची देखभालच थांबवली. साहेब लोकांच्या हाती असणाऱ्या ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ ला संपली. २०१७ साली रिलायन्सने दीड हजार रुपये परतीच्या अनामतीवर जिओफोन आणला. त्यात कायओएस नावाची तिसरीच व्यवस्था होती. आपल्या अनेक घरांत इंटरनेट पहिल्यांदा आले ते या फोनमुळे, हे मान्य केले पाहिजे. पण त्यावरचे व्हॉट्सॲपही २०२५ च्या सुरुवातीस बंद झाले. यातल्या कोणाचीही पेटी फुटली नव्हती, फक्त रूळ उखडला होता. श्रीमंत माणूस दुसऱ्या दिवशी नवा फोन घेतो. मजुराच्या घरी तो खर्च पुन्हा वर्षभर पुढे ढकलावा लागतो. म्हणून "आज चालतो का?" एवढेच विचारून भागत नाही. "किती वर्षे चालेल?" हा गरिबाचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

आज बाजारात खरे म्हणजे दोनच मोठे रूळ उरले आहेत. आयफोन ॲपल कंपनीचा. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी तो जगाला दाखवला आणि भारतात तो २००८ साली आला. त्याची पेटी आणि आतली व्यवस्था दोन्ही एकाच कंपनीची; दुसऱ्या कोणाला ती व्यवस्था मिळत नाही. अँड्रॉइड गुगलचा. मूळची छोटी कंपनी गुगलने २००५ साली विकत घेतली आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला. ही व्यवस्था गुगल इतर कंपन्यांना वापरू देते. म्हणून सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, मोटोरोला असे अनेक फोन वेगवेगळ्या नावांनी दिसले तरी आतला रूळ तोच असतो. भारतातल्या शंभर स्मार्टफोनांपैकी नव्वदांहून अधिक याच रुळावर आहेत.

मुलाने विचारले, "गुगल फुकट कायले देते मंग?" प्रश्न चांगला होता. व्यापारात फुकट काही नसते. ॲपल पेटी महाग विकते आणि आपल्या ॲपच्या दुकानातल्या विक्रीतून हिस्सा घेते. गुगलची मोठी कमाई जाहिरातींची आहे. आपण काय शोधतो, काय पाहतो, यावरून जाहिरात दाखवली जाते. फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर स्वतःची ॲपे लादली म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७ कोटींवर दंड ठोठावला आणि अपिलातही २०२३ साली तो दंड कायम राहिला. ॲपलने २०२१ पासून अशी सोय केली की, एखादे ॲप आपल्या मागावर राहू इच्छित असेल तर त्याला आधी आपली परवानगी मागावी लागते. ही गोष्ट आयफोनच्या जमेची. पण दोन्हीही परदेशी भांडवलदारांच्या कंपन्या आहेत, धर्मादाय संस्था नव्हेत. एकाला साधू आणि दुसऱ्याला चोर समजून खरेदी करू नये.

आता कागदावरचे रकाने सांगतो.

पहिला रकाना किमतीचा. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲपलने जो त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून नवा आयफोन आणला, त्याची भारतातली किंमत ५९,९०० रुपये होती. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. भागाकार केला तर १९२ दिवस. म्हणजे न खाता, न पिता, दवाखान्यात न जाता एका माणसाने साडेसहा महिने माती खणावी, तेव्हा तो फोन हाती येईल. अकरा हजारांच्या अँड्रॉइड फोनला हाच भागाकार ३५ दिवसांवर येतो. आकडे मांडल्यावर मुलगा थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला. त्यात १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे आहेच; एप्रिल २०२० पूर्वी तो १२ टक्के होता.

दुसरा रकाना आयुष्याचा. इथे आयफोनची बाजू बळकट आहे हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. २०१५ साली आलेल्या आयफोन सिक्स-एसला २०२१ पर्यंत नवीन व्यवस्था मिळत गेली. अँड्रॉइडच्या स्वस्त फोनांना पूर्वी दोन वर्षेसुद्धा नीट सुधारणा मिळत नसत. सुधारणा म्हणजे नुसता नवा रंग नव्हे. चोरांनी शोधलेली भोके बुजवण्याचे ते काम असते. ती थांबली की बँकेचे ॲप आज ना उद्या अडते. पण अलीकडे अँड्रॉइडवाल्यांनाही हे कळले आहे. गुगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या महाग फोनांना सात वर्षांचे वचन दिले. त्यानंतर दहा-बारा हजारांच्या काही फोनांवरही चार वर्षे सुरक्षा सुधारणा देण्याचे कंपन्यांनी जाहीर केले. सगळ्या फोनांवर नाही, काहींवरच. एक खाच लक्षात ठेवावी. ही वर्षे आपण फोन घेतल्या दिवसापासून मोजत नाहीत. ते मॉडेल बाजारात आले तेव्हापासून मोजतात. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल "सूट आहे" म्हणून घेतले, तर चारातली दोन वर्षे आधीच सरलेली असतात.

तिसरा रकाना कामाचा. आपल्या माणसाला फोन कशाला लागतो? सातबाऱ्यावर पेरा नोंदवायला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून फोनवरच आली आहे. पैसे द्यायला-घ्यायला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला. कॉलेजची सूचना वाचायला. यातली बहुतेक कामे दोन्ही फोनांवर होतात. पण सरकारी ॲप काढताना आधी अँड्रॉइडचा विचार होतो, कारण बहुसंख्य लोक तिथे आहेत. बाबासाहेबांच्या नावाची आठवण म्हणून ज्याचे नाव ठेवले गेले, ते पैशांच्या देवाणघेवाणीचे "भीम" ॲपसुद्धा ३० डिसेंबर २०१६ ला प्रथम अँड्रॉइडवर आले आणि आयफोनवर त्यानंतर फेब्रुवारीत आले.

चौथा रकाना भाषेचा. मराठी टंकलेखन दोन्हीकडे आहे. गुगलने २०१७ साली मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. ज्यांना अक्षर जोडताना त्रास होतो त्या आपल्या आया-बहिणींना तिचा फार उपयोग होतो. फोनवरच्या सगळ्या सूचना मराठीत करण्याची सोय अँड्रॉइडवर पुष्कळ वर्षांपासून आहे, आयफोनने ती अलीकडे दिली.

पाचवा रकाना दुरुस्तीचा. आम्ही कारंज्याला दोन-तीन दुकानांत नुसती चौकशी केली. नेहमीच्या अँड्रॉइड फोनची काच आणि बॅटरी तिथल्या तिथे मिळते. आयफोनच्या अस्सल भागाचे विचारले तर त्यांनी मोठ्या शहराची वाट दाखवली. फोन पडणार नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून हा रकाना खेड्यातल्या माणसाने सोडू नये.

सहावा रकाना फसवणुकीचा. आयफोनवर कंपनीच्या दुकानाबाहेरचे ॲप आपल्याकडे सहजासहजी टाकता येत नाही. अँड्रॉइडवर टाकता येते. ही मोकळीक आहे आणि धोकाही आहे. व्हॉट्सॲपवर "गाडीचे चलान", "योजनेची यादी", "लग्नाची पत्रिका" अशा नावाने जी एपीके फाईल येते, ती उघडली की खाते रिकामे होऊ शकते. याबद्दल पोलिसांनी वेळोवेळी सावध केले आहे. अशी फाईल कोणाकडूनही आली, अगदी भावाच्या नंबरवरून आली, तरी उघडू नये. ॲप घ्यायचे ते प्ले स्टोअरमधूनच घ्यावे.

सातवा रकाना मोडीचा. जुना आयफोन विकताना बरे पैसे येतात, जुन्या स्वस्त अँड्रॉइडला फारसे कोणी विचारत नाही. हीही आयफोनची जमा बाजू. पण मोडीची किंमत पुढे मिळते आणि हप्ता आजपासून सुरू होतो.

या रकान्यांत घरातल्या एका माणसाची गरज बसत नव्हती. ती म्हणजे आमच्या आईची. तिचे डोळे कमी दिसतात, बोटाने काच ओढणे तिला जमत नाही. तिच्यासाठी बटणांचा साधा फोनच बरा. त्याची बॅटरी दोन-तीन दिवस टिकते, हातातून पडला तरी फार बिघडत नाही. मार्च २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवरूनही यूपीआयने पैसे पाठवण्याची सोय सुरू करून दिली आहे. सगळ्यांनी एकाच रुळावर यावे असे काही नाही.

एवढे झाल्यावर हप्त्यांची गोष्ट निघाली. मुलाचे म्हणणे, "शून्य व्याज हाय, बाबा." आम्ही कारकून माणूस, शून्य दिसले की आम्ही मागचे आकडे पाहतो. ५९,९०० मधून बारा हजार गेले, उरले ४७,९००. दोन वर्षांचे चोवीस हप्ते धरले तर व्याज न धरताही महिन्याला जवळपास दोन हजार. पगार नऊ हजार. म्हणजे साडेचार महिन्यांच्या मजुरीपैकी एक महिन्याची मजुरी दोन वर्षे फोनला. शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळते ती "शून्य व्याज"वाल्याला कित्येकदा मिळत नाही. ते न दिसणारे व्याजच होय. हप्ता चुकला तर बँकेतून दंड आणि पुढच्या कर्जाला अडसर. हप्ता थकला म्हणून कंपनीने फोनच कुलूपबंद करून टाकल्याचे प्रकारही देशात झाले आहेत. आपल्या आजोबांनी सावकाराच्या वहीवर अंगठे दिले. आपण काचेवर अंगठा देतो. अंगठ्याची जागा बदलली, एवढेच.

यावर मुलगा जे बोलला ते आम्हाला वाचकांपासून लपवायचे नाही, कारण लेखाचे मर्म तिथे आहे. तो म्हणाला, "बाबा, तुमचा हिशोब बराबर हाय. पण दुकानात येणारे पोट्टे पह्यले हातातला फोन पाह्यतात, मंग बोलतात. आयफोन असला का मले कोणी कुठल्या वस्तीतला म्हणून इचारत नाही."

हे ऐकून आमची लेखणी थांबली. ही निव्वळ चैन आहे असे म्हणून आम्ही त्याला कसे झटकणार? आपल्या पूर्वजांनी काय नेसावे, कोणता दागिना घालावा, हे दुसरे ठरवीत होते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना मुद्दाम सांगितले की, अस्पृश्यता ओळखू येईल असा पेहराव आणि तसले दागिने टाकून द्या, स्वच्छ आणि नीटनेटके राहा. स्वतः बाबासाहेब उत्तम पोशाखात राहिले. त्या कोटाने कोट्यवधींची मान ताठ केली. तेव्हा चांगली वस्तू आपल्या पोराच्या हाती असावी ही इच्छा वाईट नाही. गरिबाच्या पोराने आयफोन घेतला की नाक मुरडणारे आणि श्रीमंताच्या पोराने घेतला की कौतुक करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या पंगतीत आम्हाला बसायचे नाही.

पण महाडच्या त्याच उपदेशात मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, हेही होते. पेहराव बदलायला बाबासाहेबांनी कर्ज काढायला सांगितले नाही. असलेला जुना कपडा स्वच्छ धुवून नेसावा, असा त्यांचा रोख होता. आम्ही मुलाला म्हणालो, "बापू, जो तुला फोन पाहून मान देतो, तो फोन फुटला की मान काढून घेईल. आणि या बारा हजारांत तुझ्या बहिणीच्या चार वर्षांचा पाया आहे. तुझ्या मानासाठी तिने तुझा फुटक्या काचेचा फोन वापरावा, हे तुला पटते का?" तो लगेच "हो" म्हणाला नाही आणि "नाही"ही म्हणाला नाही. उठून बाहेर गेला. आमच्या मनालाही ते लागले. बापाचा हिशोब बरोबर असला म्हणजे पोराचे दुःख खोटे ठरत नाही.

त्या रात्री मुलगी पहिल्यांदा बोलली. घरातल्या वस्तूबद्दल घरातल्या मुलीला शेवटी विचारायचे, ही आपल्याही घरांतली जुनी खोड आहे आणि ती जायला हवी. तिने तिचे तीनच मुद्दे सांगितले. "बाबा, माहं शिक्षण चार वर्षांचं हाय. फोन चार वर्षं पुरला पाह्यजे. त्यात जाड पुस्तकाच्या पीडीएफ मावल्या पाह्यजेत. आन् सिम माह्या नावावर पाह्यजे." आमच्या सात रकान्यांतले सारे तिच्या तीन वाक्यांत आले होते.

तिसऱ्या मुद्द्याकडे सर्व पालकांचे लक्ष वेधतो. शिष्यवृत्तीच्या अर्जात आधारचा ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर. आपल्याकडे पुष्कळ मुलींच्या आधारला बापाचा किंवा भावाचा नंबर असतो. बाप शेतात, भाऊ पुण्यात, मुलगी वसतिगृहात आणि अर्जाची शेवटची तारीख आज, असे प्रकार विहारात कागद भरताना आम्ही दरवर्षी पाहतो. मुलगी अठरा वर्षांची झाली की सिम तिच्या नावावर घ्यावे, आधारला तो नंबर जोडावा आणि फोनचे बिलही तिच्याच नावाचे करावे. स्वाभिमान तो हाच.

शेवटी आम्ही बारा हजारांच्या आतला अँड्रॉइड घेतला, रोखीने. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, कारण हा लेख जाहिरात नव्हे आणि सहा महिन्यांत मॉडेले बदलतात. निवडताना पाहिले ते असे : त्याच वर्षी आलेले मॉडेल, चार वर्षे सुरक्षा सुधारणा देण्याचे कंपनीचे लेखी वचन, साठवण १२८ जीबी, आणि ज्याची काच कारंज्यात आणि अमरावतीत मिळते तो. कॅमेऱ्याचे मोठमोठे आकडे दुकानदार सांगत होता. ते आम्ही शेवटी ठेवले.

ज्यांची ऐपत आहे, ज्यांना सहा-सात वर्षे एकच फोन वापरायचा आहे, त्यांनी आयफोन जरूर घ्यावा. ती वस्तू चांगली आहे. जुना आयफोन घेणाऱ्यांनी मात्र काही गोष्टी तपासाव्यात. त्याला सुधारणांची किती वर्षे उरली ते विचारावे. सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसते, ती पाहावी. आधीच्या मालकाचे ॲपल खाते त्याच्यासमोर काढून घ्यावे, नाहीतर फोन कुलूपबंद होऊन बसतो. आणि कोणताही जुना फोन घेताना *#०६# दाबून येणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक बिलाशी जुळवावा. इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोनची माहिती येते. चोरीचा असेल तर कळते. आपला फोन हरवला तर २०२३ साली सुरू झालेल्या संचार साथी या सरकारी सेवेवर तो बंद करता येतो. म्हणून बिल आणि खोका फेकू नये, जातीच्या दाखल्याच्या फाईलमध्येच ठेवावा.

मुलाची गोष्ट राहिली. त्याने बचतगटाच्या धर्तीवर स्वतःची भिशी सुरू केली आहे. महिन्याला हजार रुपये टाकतो. दोन-अडीच वर्षांनी तो आयफोन घेईल की आणखी काही करील, हे आम्ही त्याच्यावर सोडले आहे. घेतला तर तो त्याच्या घामाचा असेल, आणि तेव्हा आम्ही एक शब्दही बोलणार नाही. बहिणीच्या नव्या फोनवर पहिली काच त्यानेच आपल्या पैशाने बसवून दिली.

बंधू-भगिनींनो, फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मजुरीची हजेरी, शाळेचा अर्ज, रेशनची खबर, सगळे त्यातून जाते. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे जाड खंड काढले, ते विकत घेणे आपल्याला परवडत नव्हते. आज ते अकरा हजारांच्या फोनवरही वाचता येतात आणि साठ हजारांच्या फोनवरही तेच वाचता येतात. अक्षर तिथेही तेच आणि इथेही तेच. तेव्हा फोन घेताना घरातल्या सर्वांना, विशेषतः मुलींना, जवळ बसवा. कागदावर रकाने पाडा. किंमत मजुरीच्या दिवसांत मांडा. किती वर्षे पुरेल ते विचारा, कोण दुरुस्त करील ते पाहा आणि हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो एकदा मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येत नसेल त्याने विहारात यावे. कागद वाचून दाखवायला आमच्यासारखा कोणी ना कोणी तिथे असतोच.

जयभीम!